कढईत निळा होता

आम्ही कपडे रंगवणारी माणसं. आमच्या घरात लाल डागाला कुणी घाबरत नाही. टॉवेलवर लाल, उशीवर लाल, कपाच्या कानावरसुद्धा लाल. यांच्या पायजम्याला मागे लाल लागलेलं दिसलं तेव्हा मी साबण लावला आणि चार शब्द सुनावले, ओले हात पुसायला दुसरं फडकं मिळत नाही का!

आठवड्याभराने पुन्हा तसाच डाग. साबण घेतला आणि हात तिथेच थांबला. रंगाच्या कढईत सगळा आठवडा निळाच होता, शाळेच्या गणवेशांचा. मग लाल आला कुठून?

"अहो, हे काय आहे?"

"मूळव्याध असेल. बसून बसून होते."

"तुम्ही दिवसभर कढईपाशी उभे असता!"

"मग उभं राहून झाली असेल."

असं खोदून खोदून एकेक बाहेर आलं. दोन महिने शौचाला रक्त पडत होतं. जाऊन आलं तरी अजून राहिलंय असं वाटायचं, म्हणून पुन्हा पुन्हा जायचे. आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही!

"लाज वाटली गं."

लाज! सगळ्या गल्लीसमोर फाटक्या बनियनवर फिरणाऱ्या माणसाला लाज!

दुसऱ्या दिवशी ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, मग आत कॅमेऱ्याची नळी घातली. गुदाशयात मांसाचा एक कोंब निघाला. तो काढून तपासायला पाठवला. कॅन्सर आहे की नाही, ते रिपोर्ट आल्यावर कळणार होतं. तोवर यांनी एकच तागा दोनदा रंगात बुडवला आणि मी तो तसाच वाळत घातला.

"कॅन्सर नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "राहू दिला असता तर पुढे झालाही असता. वेळेवर आलात. आता सांगेन तेव्हा तपासणीला यायचं."

मी तिथेच भोकाड पसरलं.

"अगं, नाहीये म्हणाल्या त्या!"

"कळतंय मला! म्हणून तर रडतेय!"

आता सकाळी स्वयंपाकघरातून मी रोज विचारते, "अहो, आज कढईत काय?" काल बाहेर गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यादेखत हे घसा ताणून ओरडले, "लाल! आणि पोट एकदम साफ!"

मला मेलीलाच लाज वाटली. पण किती बरं वाटलं म्हणून सांगू!