लाल्याचा रोडगा

चंपाषष्ठीच्या सकाळी सारजाबाईनं लाल्याच्या वाटचा रोडगा दुधात भिजवला आणि तिचा पोरगा, बद्रीनाथ, चपला घालता घालता थांबला. दरसाल ती तो कोरडाच बांधून द्यायची. यंदा म्हणाली, लाल्या पंधरा वर्षांचा झाला, त्याला आता दात कुठले राहिले असतील? वर म्हणाली, मी पण सोबत येते, एकदा डोळ्यानं बघू दे त्याला.

लाल्या म्हणजे त्यांचा शेंद्र्याच्या शेतावरचा कुत्रा. तांबडा, एक कान कायम पडलेला. बद्रीनाथनं त्याला एकच गोष्ट पक्की शिकवली होती. "बस" म्हटलं की बसायचं, आणि "चल" म्हटल्याशिवाय उठायचं नाही. एकदा त्याला जेवणाच्या डब्यापाशी बसवून हा बहाद्दर तसाच बाजाराला निघून गेला, तर दिवेलागणीपर्यंत लाल्या तिथंच. डब्याला शिवलासुद्धा नाही.

घरी खंडोबाचा कुळाचार. सहा दिवस उपास करायचा, चंपाषष्ठीला भरीत-रोडगा करायचा, आणि कुत्र्याला घातल्याशिवाय स्वतः घास घ्यायचा नाही. सारजाबाईचं मात्र कुळाचारापलीकडचं काहीतरी होतं. नवरा गेला तेव्हा तिनं अन्नच सोडलं होतं. सोयरेधायरे आले, चार शहाणपणाच्या गोष्टी सांगून चहा पिऊन गेले. लाल्यानं काही सांगितलं नाही. तो नुसता तिच्यासमोर येऊन बसला आणि आपल्या भाकरीला तोंड लावेना. तिसऱ्या दिवशी तिलाच त्याची कीव आली. तिनं एक तुकडा खाल्ला, मग त्यानं खाल्ला. तिथून बाई उठली, कामाला लागली, माणसांत आली. दुःखातल्या माणसाला काही सांगायला जाऊ नये, नुसतं जवळ बसावं, हे मला लाल्यानं शिकवलं, असं ती येईल त्याला सांगायची.

आणि असला कुत्रा बद्रीनाथनं सोडून दिला.

तसा तो काही दुष्ट माणूस नव्हे. जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली, शहरात फ्लॅट घेतला, आणि सोसायटीवाल्यांनी कुत्रा चालणार नाही म्हणून आधीच बजावलं. आता गावात चुलतभाऊ कडूबा होता. त्याच्याकडं चार कुत्री, त्यात पाचवं सहज खपलं असतं. पण बांधावरून दोघांची बोलचाल बंद. फ्लॅटवाले झालेले बद्रीनाथराव कडूबाच्या दारात जाऊन "एवढं सांभाळ" कसे म्हणणार? नाक आडवं आलं ना! आधी त्यानं लाल्याला करमाडला नेऊन सोडलं, तर संध्याकाळी गडी दारात हजर. मग गाडीत घालून थेट सोयगावकडं नेलं. आईला थाप ठोकली की, सोयगावला दोस्ताच्या मळ्यात ठेवलाय, मजेत आहे.

झालं! पहिल्याच चंपाषष्ठीला आईनं रोडगा हातात दिला. घालून ये, तू येऊन सांगितल्यावर मी जेवीन, म्हणाली. फोनवर सांगितलेलं तिला चालायचं नाही. मग बद्रीनाथ हर्सूलच्या तलावापाशी मोटारसायकल लावायचा, दिसेल त्या कुत्र्यापुढं रोडगा टाकायचा आणि सोयगावला जाऊन यायला लागेल तेवढा वेळ काढायचा. तिकडं आई उपाशी. ऊन कलल्यावर घरी येऊन सांगायचा, खाल्ला, लई शेपूट हलवली. आईचा जीव भांड्यात पडायचा, ती पानावर बसायची, आणि हा न्हाणीत नळ सोडून उभा राहायचा. पाच वर्षं असं चाललं. मध्ये एका लग्नात कडूबा स्वतःहून बोलला, एक शब्द टाकला असतास तर मी ठेवून घेतला असता. तेव्हापासून तर बद्रीनाथला भरताचा वाससुद्धा सोसेना.

यंदा गाडीत आई शेजारी, तिच्या मांडीवर लाल्याचा डबा, पायाशी तिचा स्वतःचा. बद्रीनाथच्या डोक्यात अजून लबाडी शिजतच होती. आईला मोतीबिंदू. कुठल्याही शेतातलं तांबडं कुत्रं दाखवायचं, म्हातारा झाला, आता ओळखत नाही म्हणायचं, की काम भागलं. सिल्लोड मागं पडलं आणि तसलं एक कुत्रं दिसलंही. त्यानं गाडी हळू केली. तेवढ्यात आईनं डब्याचं झाकण काढलं आणि रोडगा नीट मऊ झालाय का, ते बोटानं दाबून बघितलं.

त्याच्यानं पुढं रेटवेना. गाडी कडेला लावली.

"आई, लाल्या कुठंच नाय. मीच सोडला त्याला. रस्त्यावर."

मग त्यानं सगळं सांगितलं. सोयगावच्या अलीकडची मोरी, तिथलं कडुलिंबाचं झाड, दोस्ताचा नसलेला मळा, हर्सूलची कुत्री. काही मागं ठेवलं नाही.

"पाच वर्सं माझा उपास खोट्यावर सोडवलास," सारजाबाई म्हणाली. डब्याचं झाकण तिनं रागानं दाबून बसवलं. मग तिनं विचारलं, "गाडीमागं लई पळाला असंल ना?"

"पळाला असता तर बरं झालं असतं, आई. मी बस म्हनलो. त्यो बसला. आरशातून दिसंना तवर बसलेलाच व्हता."

एवढं बोलून बद्रीनाथ स्टीअरिंगवर डोकं टेकून हमसाहमशी रडला, पन्नाशीचा बाप्या. आईनं त्याला गप म्हटलं नाही, पाठीवरून हात फिरवला नाही, क्षमा केली असंही म्हटलं नाही. नुसती शेजारी बसून राहिली. त्याचं रडणं ओसरल्यावर म्हणाली, "अन् चल? चल कधी म्हनलास का त्याला?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली.

"मग जाऊ तिथं. चल म्हन त्याला."

मोरी तीच होती. कडुलिंब वाढला होता आणि खाली कुणीतरी पाण्याचा रांजण ठेवला होता. सारजाबाईनं बुंध्याशी रोडगा ठेवला, वर भरीत घातलं आणि बाजूला झाली. बद्रीनाथ पहिल्यांदा नुसता पुटपुटला. दुसऱ्यांदा मात्र तो असा ओरडला की पलीकडच्या रानात कापूस वेचणाऱ्या बाया उभ्या राहून बघायला लागल्या.

"चल, लाल्या! चल!"

सारजाबाई गाडीकडं वळली. तिनं मागचं दार उघडलं, एखाद्याला आत चढायला लागेल तेवढा वेळ धरून ठेवलं, आणि मग हलकेच लावलं. पुढं येऊन बसली, आपला डबा उघडला आणि रोडग्याचा एक तुकडा मोडून तोंडात घातला.