एक हात अंतरावरून

मित्रांनो, मी एक जुना काळा कॅमेरा आहे. एका रोलमध्ये बारा फोटो काढायचे, एवढीच माझी विद्या. चौऱ्याऐंशी साली धुळ्याच्या देवपुरातल्या सुमनबाईंनी मला विकत घेतले. त्यांना फुले, पाने, किडे जवळून टिपायचा नाद, आणि माझी नजर पडली दूरची! सहा फुटांच्या आतले मला सगळे धूसर. पहिले दोन रोल मी वाया घालवले, पण बाई माझ्यावर कधी चिडल्या नाहीत. त्यांचे हे उपकार मी विसरलेलो नाही.

गल्लीतल्या फोटो स्टुडिओचे तोतारामभाऊ हसून म्हणाले, "अक्का, त्याला चष्मा लावा." सुमनबाईंनी खरोखरच जुन्या चष्म्याची काच माझ्या डोळ्यापुढे चिकटपट्टीने बसवली. मग कोपरापासून बोटांपर्यंत एक हात अंतर मोजायचे आणि बटण दाबायचे. कपाशीच्या फुलातला मुंगळा स्पष्ट आला, तेव्हा मी मनातल्या मनात फुगलो.

दिवाळीला त्या मला माहेरी घेऊन गेल्या. त्यांची आई भिकुबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. "मना काय फोटू काढस? कपाशीना काढ," असे म्हणत त्यांनी पदर सावरला, तेवढ्यात एक हात अंतरावरून बटण दाबले गेले. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या, हनुवटीवरचे गोंदणाचे तीन ठिपके, सारे लख्ख उतरले.

त्याच हिवाळ्यात भिकुबाई वारल्या. त्यांचा दुसरा एकही फोटो नव्हता. तोतारामभाऊंनी तोच मोठा करून दिला आणि मायेपोटी, न विचारता, निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून चेहरा स्वच्छ केला. सुमनबाईंचे वडील उखर्डूआबा फोटोकडे पाहतच राहिले.

"हाई कोन शे?" ते म्हणाले. "मनी भिकू नही." आणि त्यांनी फोटो पालथा ठेवला.

सुमनबाई आबांना घेऊन स्टुडिओत आल्या. मी त्यांच्या पिशवीत होतो.

"भाऊ, तुम्ही काढले ते डाग नव्हते. मायचं गोंदण होतं."

तोतारामभाऊंचा चेहरा उतरला. "पेन्सिल पुसता येते, अक्का. पण ओरखडा पडला तर चेहराच जाईल."

मला फार भीती वाटली. माझ्यासमोर पुन्हा बसायला ती माउली आता कुठून येणार? भाऊंनी टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला कापूस हलक्या हाताने फिरवला. मग ते अंधाऱ्या खोलीत गेले आणि ओला फोटो घेऊनच बाहेर आले. तिन्ही ठिपके जागेवर होते.

आबांनी त्या हनुवटीजवळ बोट नेले, पण टेकवले नाही. फोटो वाळला तसा तो धोतराच्या सोग्यात धरून ते उठले.

"चाल व घर, भिकू," ते फोटोला म्हणाले.

आता माझे बटण अडकते आणि रोलही कुणी आणत नाही. तरी मी समाधानी आहे, कारण मला माणसे चांगली मिळाली. मित्रांनो, आमची काच मऊ फडक्याने पुसत जा, आम्हाला ओलीत ठेवू नका. आणि कुणाच्या चेहऱ्यावरचे काही पुसण्याआधी त्याच्या घरच्यांना एकदा विचारा.