फुकटचे किलोमीटर

"या सीटला स्प्रिंग आहेत की खिळे?" ती पुटपुटली.

"तुला कोण ये म्हणालं होतं?" नवरा ट्रक चालवत, समोर बघतच म्हणाला.

लेकीकडे जायचं हे निमित्त होतं. खरं कारण सकाळी आलेला सुपरवायझरचा फोन. "वहिनी, आज ते घाटानं आले नाहीत, तर उद्यापासून ट्रक दुसऱ्याच्या हातात. वरून हुकूम आहे." हे तिनं त्याला सांगितलं नव्हतं. आणि त्यालाही तोच फोन येऊन गेला होता, हे त्यानं तिला.

कंपनी पैसे द्यायची ते नकाशातल्या जवळच्या रस्त्याचे, आणि जवळचा रस्ता घाटाचा. डोंगराला वळसा घालून सपाटीनं गेलं, की जादा पडणारे सगळे किलोमीटर फुकटचे. जास्तीचं डिझेलही पगारातूनच कापलेलं. तरी तो दोन वर्षं सपाटीनंच जात होता. यार्डात त्याचं नाव पडलं होतं 'वळसेकाका'. मागे एकदा घाट उतरताना ब्रेक लागले नव्हते. डोंगराला घासत-घासत त्यानं गाडी थांबवली. त्याच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही. मग कशाला कोण काय विचारतंय? तेव्हापासून कधी टायर झिजलेले, कधी घाटात ट्रॅफिक. निम्मी कारणं तिनंच पुरवलेली. स्वयंपाकापेक्षा त्यात तिचा हात जास्त बसला होता.

फाटा आला. त्यानं गाडी कडेला घेतली, उतरून हवा बघायला टायरांवर रॉड मारला. सगळ्या टायरांवर. मग पुन्हा पहिल्यापासून.

"झालं का?" तिनं खिडकीतून विचारलं.

"मागचा जरा..."

"मागचा गेल्याच महिन्यात बदललाय."

तो वर येऊन बसला. त्यानं गाडी घाटाच्या बाजूला वळवली. पहिला चढ गेला. पहिलं वळण दिसलं आणि गाडी थांबली. इंजिन चालू, पाय ब्रेकवर. स्टिअरिंग घामानं ओलं. मागे हॉर्नचा कल्लोळ. एक टेम्पोवाला बाजूनं जाताना ओरडला, "काका, झोप घरी काढा की!"

त्याचा फोन वाजला, सुपरवायझरचा. तिनं स्पीकरवर टाकला.

"दादा, मला इथं स्क्रीनवर गाडी दिसतेय. उभे का तुम्ही?"



"भाऊजी, टायर गरम झालेत," ती घाईनं म्हणाली. "जरा थांबलोय, निघतोच—"

त्यानं तिच्या हातातून फोन घेतला. दोन्ही हातांनी धरला.

"टायर चांगले आहेत, साहेब," तो म्हणाला. "मी घाबरतो."