शेवटचा नंबर

पार्लरला कुलूप दिसलं, तसं माल्सुनने ते ओढून पाहिलं. काचेतून आत पाहिलं तर खुर्च्या नाहीत, आरसे नाहीत. पार्लरवाली बाईच आसपासच्या बायकांची भिशी चालवायची. सगळं गुंडाळून ती पळाली होती, आणि भिशीत शेवटचा नंबर माल्सुनचा होता.

तो तिने हट्टाने मागून घेतलेला. शेवटी उचलणाऱ्याला सगळ्यांत जास्त मिळतं ना! बाकीच्या बायका आपापले पैसे उचलून केव्हाच मोकळ्या झाल्या होत्या. आता नुसतं 'बिचारी' म्हणायला त्यांचं काय जातंय?

पैसा भाड्याच्या घराच्या अनामतीचा होता. घरमालकाने अनामत वाढवून मागितली होती, नाहीतर महिनाअखेरीला घर खाली करा म्हणाला होता. आणि नवऱ्याला, दोकचिलला, भिशीचा पत्ताच नव्हता. तो मासान शहरात बस चालवायचा. लग्न झाल्यापासून दर पगाराला पिवळं पाकीट न फोडता दोन्ही हातांनी तिच्यापुढे ठेवायचा. मग ती त्याचा हातखर्च काढून द्यायची आणि म्हणायची, "जपून वापरा." मित्राच्या लग्नात आहेर द्यायचाय, जरा जास्त दे म्हणाला, की म्हणायची, "बघू." डेपोत कुणी चिडवलं, तर हा उलट ऐटीत सांगायचा, "आमच्या घरात बँक आहे, बँक."

संध्याकाळी तिने बांगडा भाजला. लक्ष नव्हतं, एक बाजू करपलीच.

"बांगडा? आज काय विशेष?"

"काही नाही. स्वस्त मिळाला."

"घरमालक भेटला होता स्टॉपवर. म्हटलं, उद्या या, आमच्या हिने पैसे केव्हाच जमवून ठेवलेत."

लपवून लपवणार किती?

"उन्जूचे बाबा, पैसे नाहीत."

"म्हणजे?"

तिने सगळं सांगितलं. आता हा जेवणाचं टेबल उलथणार, म्हणून ती अंग चोरून बसली. दोकचिलने भात संपवला, वर पाणी प्यायला.

"खा तू," तो म्हणाला. "बांगडा गार होतोय."

घर सुटलं. तळघरातल्या एका खोलीत बिऱ्हाड आलं. तो एका शब्दाने बोलला नाही. त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर ती रडून मोकळी तरी झाली असती. पण नाही. दाराशी त्याचे बूट वाजले की ती हातातलं काम टाकून उभी राहायची. आज म्हणेल, जा माहेरी. आज नाही तर उद्या म्हणेल.

पगाराचा दिवस आला. दोकचिलने हात धुतले आणि टेबलापाशी बसला. समोर ती. पाकीट आधीच फोडलेलं होतं. त्याने काही नोटा काढून तिच्यापुढे ठेवल्या, बाकीचं पाकीट शर्टाच्या आत सरकवलं.

"घरखर्चाला. जपून वापर."

आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता. तिने नोटा दोन्ही हातांनी घेतल्या, आणि नकळत तिची मान खाली गेली.

"उन्जूचे बूट फाटलेत," ती हळूच म्हणाली. "जरा जास्त मिळाले असते तर..."

"बघू," दोकचिल म्हणाला.

आणखी विचारायचा तिला धीर होईना. इतकी वर्षं तोही असाच गप्प बसायचा, आणि तिला वाटायचं, नवरा सुखात आहे.