काठीसारखी पेशी

सुनेला नवी पेशी सापडली होती आणि सकाळपासून तिचे पाय जमिनीवर नव्हते. उंदराच्या लहान मेंदूत पुर्किंजे नावाच्या पेशी असतात, फांद्या पसरलेल्या झाडासारख्या. तिने कापलेल्या मेंदूच्या पातळ चकतीत त्या जागी नुसत्या काठ्या उभ्या होत्या. दुपारी चारच्या बैठकीत ती हे विभागप्रमुख मोठ्या बाईंपुढे मांडणार होती, आणि विभागात चौघांना सांगूनही बसली होती.

आनंदाच्या भरात डबा मात्र घरीच राहिला. तो घेऊन सासूबाई आल्या. याच प्रयोगशाळेत तीस वर्षं मेंदूच्या चकत्या कापून त्या निवृत्त झालेल्या. सुनेने त्यांना हाताला धरून सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. त्यांनी बराच वेळ डोळा लावला, मग डबा उघडून आधी दोन घास खाऊन घे म्हणाल्या. पेशीला नाव ठरवलंस का, असंही विचारलं. ठरवलं होतं. सून लाजली.

"आणि या लांबलचक आडव्या दोऱ्या कुणाच्या गं?"

सुनेने घडाघडा सांगितलं. खालच्या थरातल्या दाण्यांसारख्या बारीक पेशींच्या. दोऱ्या वर येतात, त्यांना दोन्हीकडे फाटे फुटतात आणि ते पुर्किंजेच्या फांद्यांतून आरपार जातात, प्रत्येकीला निरोप देत.

"आरपार ना?" सासूबाईंनी पंजा पसरला आणि बोटांच्या फटीतून पेन्सिल आरपार घातली. समोरून पंजा दिसत होता, पेन्सिलीचं नुसतं टोक. मग सगळा हात त्यांनी तसाच वळवला. आता पेन्सिल लांबलचक दिसू लागली, आणि पंजा काठीसारखा.

घास सुनेच्या तोंडातच राहिला. पुर्किंजेचं झाड पंजासारखं चपटं असतं, हे ती कधीपासून शिकवत होती! कापताना मेंदूचा तुकडाच चुकीच्या दिशेने वळवून लावला होता तिने; तीच झाडं कडेने दिसत होती.

अडीच वाजले होते. उरलेला अर्धा तुकडा तिने नीट दिशेने लावला. सासूबाई हात मागे बांधून उभ्या राहिल्या, एका शब्दानेही मध्ये पडल्या नाहीत. नव्या चकतीत भलंमोठं झाड उभं राहिलं, आणि दोऱ्यांचे नुसते ठिपके.

चार वाजता सुनेने दोन्ही चकत्या शेजारीशेजारी दाखवल्या आणि चूक स्वतःच सांगितली. ते चौघे पोट धरून हसले. मोठ्या बाई म्हणाल्या, नव्यांना शिकवायला हीच जोडी ठेवा.

घरी जाताना सून मान खाली घालून चालत होती.

"एवढं काय मनाला लावून घेतेस," सासूबाई हळूच म्हणाल्या. "तुला एकच सापडली. मला पहिल्या वर्षी दोन सापडल्या होत्या."

"तुम्हाला? मग तुमचा तुकडा कुणी सरळ करून दिला?"

"तुझ्या सासऱ्यांनी," त्या पदर सारखा करत म्हणाल्या. "तेव्हा ते सासरे नव्हते. अजून चिडवतात मेले."