तिथले रात्रीचे नऊ

कागदाच्या मधोमध रेघ ओढून नवऱ्याने डावीकडे ‘जवळचं’ लिहिलं, उजवीकडे ‘लांबचं’. एकाच कंपनीची दोन हॉटेलं, दोन्ही समुद्रकाठी, दोन वेगळ्या देशांत. केक आणि गोडाधोडाच्या कामासाठी बायकोला दोन्हीकडून बोलावणं आलं होतं. करार दोन वर्षांचा, पगार सारखाच. कुठे जाणार ते चारच्या आत कळवायचं होतं, आणि तीन वाजून गेले होते.

बायको उभ्याउभ्याच कपड्यांच्या घड्या घालत होती. मुलीच्या एकाच फ्रॉकची घडी तिने तिसऱ्यांदा मोडली.

“जवळचं आपल्या अडीच तास मागे,” नवरा म्हणाला. “लांबचं साडेसात तास पुढे.”

“जवळच्यात काचेचा बोगदा आहे,” मुलगी फोनवर वाचत म्हणाली. “डोक्यावरून मासे जातात. रोपवे पण आहे. आणि समुद्रात कितीही आत गेलं तरी पाणी गुडघाभरच.”

“लांबच्यात?”

“दीपगृह. उंच कडे. पोहायला मनाई.” तिने बोट वर सरकवलं. “दोरखंडांचं संग्रहालय.”

“दोरखंड बघायला तिकीट कोण काढतं?” खाटेवरून सासूबाई म्हणाल्या. “जवळचंच घे गं. तू कामावरून येऊन टेकशील तेव्हा इथे सगळे घरात असतील. फोन मध्ये ठेवायचा, सगळ्यांचं बोलणं होईल.”

डावी बाजू भरून गेली. उजवीकडे जेमतेम तीन ओळी. नवरा पेन्सिलचं टोक चावत कागदाकडे बघत राहिला.

“लांबचं घे,” तो म्हणाला.

बायकोचे हात थांबले.

“अरे, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?” सासूबाईंनी विचारलं.

कचऱ्याची अर्धी रिकामी बादली उचलून तो बाहेर पडला. बायको मिळेल त्या चपला पायात सरकवून मागे गेली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिने त्याला गाठलं.

“एवढी नकोशी झालेय का मी?” तिने आवाज चढू दिला नाही. “सगळ्यांच्या देखत म्हणालास.”

त्याने बादली या हातातून त्या हातात घेतली.

“पंपघरात ड्युटीवर दीड ते अडीच माझा जोडीदार जेवायला घरी जातो. मी एकटाच असतो.”

“मग?”

“मग काय. तिथे तेव्हा रात्रीचे नऊ. तुझं सगळं आवरलेलं असेल.”

तिने बोटांवर मोजलं. चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजलं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. दोन खोल्यांत त्यांचं बोलणं व्हायचं ते गॅसचं, फीचं, सासूबाईंच्या गोळ्यांचं, आणि तेही कुणाच्या तरी डोक्यावरून. रात्री कुजबुजत सुरू केलेलं वाक्य कोणीतरी आधी झोपलं म्हणून राहून जाई.

“आईंना काय सांगायचं? आणि हिला? ती बोगदा बघायला निघालीच आहे मनाने.”

“रविवारी मी घरी असतो. तेव्हा सगळे बोलू. बोगद्याचं मी समजावतो तिला.”

“ती रुसेल.”

“रुसेल,” तो म्हणाला. “आठवडाभर तरी.”

ती कठड्याचा निघालेला रंग नखाने खरवडत राहिली.

“रोज तासभर?”

“तुझी तयारी असेल तर.”

“तासभर काय बोलणार आपण?”

त्याने खरंच विचार केला. त्याला काही सुचलं नाही, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. तिला हसू आलं. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका पिशव्या घेऊन चढत आले. दोघं भिंतीला चिकटून उभे राहिले.

“जोडीने कुठे निघालात?” काकांनी विचारलं.

“कचरा टाकायला,” दोघं एकदमच म्हणाले.

काकांची पावलं वर विरून गेली. बायकोने फोन काढून कंपनीला लांबच्या हॉटेलसाठी दोन ओळींचा होकार पाठवला. तो खाली उतरू लागला तेव्हा, खाली काही काम नसताना, तीही त्याच्यामागून उतरू लागली.