डोक्यावरची बारीक अक्षरं

सदुसष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा माझं नाव लिहिलं. कारखान्यांमागच्या आमच्या कोरियन वस्तीतल्या साक्षरता केंद्रात. शिकवायला होती पंधरा वर्षांची ह्यन सुनोक. "आजी, पेन आहे तो, विळा नव्हे," म्हणत हातावर चापट मारायची.

शाळेत मात्र ती कुरोदा जुन्को. जपानमध्ये जन्मलो तरी आम्ही सगळे असे दोन नावांचे; एक घरातलं कोरियन, एक चारचौघांतलं जपानी.

त्या हिवाळ्यात भोंगे घेऊन माणसं आमच्या गल्लीत आली. "झुरळांनो, कोरियाला चालते व्हा!" दिवसाढवळ्या, पोरंबाळं बघत असताना. सुनोक महिनाभर घराबाहेर पडली नाही. मग एक दिवस केंद्रात येऊन कोपऱ्यात बसली. मी किमचीची वाटी आणि माझी वही तिच्यापुढे सरकवली. वहीतल्या चुका पाहून तिला राहवेना.

"किती घाण लिहिलंय हे!"

त्या दिवसापासून ती पुन्हा रोज यायला लागली. आणि एकदा म्हणाली, "शाळा संपल्याच्या प्रमाणपत्रावर मला माझं नाव हवं. ह्यन सुनोक."

"नोकरी कोण देईल मग?" तिची आई रडली. वर्गशिक्षक उसामी सर केंद्रापर्यंत आले. म्हणाले, "मी तिच्या भल्यासाठीच सांगतोय."

माझं डोकं फिरलं. माझ्या बापाचं नावही जपान्यांनी त्याच्या भल्यासाठीच बदललं होतं. भल्यासाठीच त्याला कोळशाच्या खाणीत उतरवलं होतं. मी मुख्याध्यापकांना पत्र लिहिलं, आयुष्यातलं पहिलं. उत्तर आलं: ठीक आहे, प्रमाणपत्रावर तुमचीच अक्षरं लिहू.

आम्ही भोळे. नाचलो. नावं आम्हीही आणि जपानीही चिनी चित्राक्षरांत लिहितो; पण अक्षरं तीच असली तरी जपानी माणूस ती आपल्या पद्धतीनं वाचतो, हे विसरलो.

निरोपाच्या समारंभात उसामी सर एकेक नाव पुकारत होते. मूल 'हो' म्हणून उठायचं.

"गेन जुनग्योकू."

सुनोक बसून राहिली.

"गेन जुनग्योकू!"

सभागृहात कुजबुज सुरू झाली. तिची आई मान खाली घालून बसली होती.

"त्या नावाचं इथे कोणी नाही, सर," सुनोक बसूनच म्हणाली.

"अगं, उच्चाराचा तर प्रश्न आहे! आमची जीभ वळत नाही."

"आमच्या आजी सदुसष्टाव्या वर्षी लिहायला शिकल्या. तुम्हाला दोन शब्द बोलायचेत."

मागून आमची केंद्रातली पोरं फिसकन हसली. उसामी सरांचे कान लाल झाले.

"ह्यान... ह्यन सुनोक."

"हो!" ती उठली.

केंद्रात परतल्यावर प्रमाणपत्र उलगडलं. आमच्या अक्षरांच्या डोक्यावर वाचायच्या सोयीसाठी उच्चार सांगणारी बारीक जपानी अक्षरं छापली होती: गेन जुनग्योकू. ही बारीक अक्षरं मी सगळ्यात आधी शिकले होते. मला कोण फसवणार?

"पेन आण," मी म्हणाले.

"आजी, प्रमाणपत्र आहे ते!"

"आण म्हणते ना."

मी ते खोडलं आणि वर लिहिलं: ह्यन सुनोक.

"रेघ वाकडी आली," ती म्हणाली.

"वाचता येतं?"

"येतं."

"मग उद्या हेच घेऊन शाळेत जाऊ. म्हणू, नवीन छापून द्या."